आबांचा सड्यावरचा गोठा: गुरं ठेवायला देण्याआधी वाचा

मालवण-देवगडच्या मधल्या आमच्या पट्ट्यात ज्यांच्या दावणीला दोन-चार गुरं आहेत, त्यांना लग्नाकार्याला, दवाखान्याला किंवा मुलांकडे मुंबईला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न गोठ्याचा पडतो. धार कोण काढणार, पेंढा कोण टाकणार, शेण कोण भरणार? शेजारपाजार म्हातारा झालाय आणि गडी मिळत नाहीत. म्हणून मुदतीवर गुरं ठेवून घेणारे काही गोठे आता इकडे उभे राहिलेत. आचऱ्याच्या वरच्या अंगाला सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, असलेल्या अशाच एका गोठ्यात मी यंदा पावसाच्या तोंडावर माझी गाय पोवळी आणि तिची पाडी ठेवली होती. यजमानांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आम्हाला मुंबईत राहावं लागणार होतं. गोठेवाल्यांनी नाव देऊ नका असं सांगितलंय, कारण आहे तीच जागा त्यांना पुरत नाही. म्हणून मालकांना मी आबा म्हणते आणि धारेचं सगळं पाहणाऱ्या त्यांच्या सुनेला वयनी. गावातही सगळे तसंच म्हणतात.

व्यवहार सरळ आहे. जनावर दुभतं असेल तर पैसे द्यायचे नाहीत. दूध त्यांचं, पेंढा-आंबोणही त्यांचं. गाय भाकड किंवा गाभण असेल तर दिवसाप्रमाणे पैसे, आणि वैरण आपण पोचवली तर त्यातून वजा. औषधपाणी मालकाच्या खर्चाने. कानात बिल्ला हवा, आणि लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्याच्या लसी झालेल्या हव्यात. नाहीतर टेम्पो परत पाठवतात. 2022 मध्ये लम्पी, गुरांच्या अंगावर गाठी आणणारा साथीचा रोग, आला तेव्हापासून हा नियम ते कोणासाठीही मोडत नाहीत, पाहुण्यांसाठीसुद्धा.

गोठा दिसायला अगदी साधा. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, मागच्या बाजूला पत्र्याची पडवी. पंखे नाहीत, रबरी मॅट नाहीत. फोटो बघून निवडायचं असेल तर याहून चकचकीत गोठे जवळपास आहेत. मी हा निवडला आणि पुन्हाही निवडेन, ते तिथली माणसं गुरांना हात कसा लावतात ते पाहून.

दोन वर्षांपूर्वी मी पोवळीला दुसऱ्या एका ठिकाणी ठेवलं होतं. कोणतं ते सांगत नाही. तिथे सिमेंटचा कोबा होता, नळाचं पाणी होतं, गव्हाणी धुतलेल्या असायच्या. गाय परत आली तेव्हा पोट भरलेलं होतं, अंगावर वळ नव्हता, वजनही उतरलेलं नव्हतं. पण मी केरसुणी घ्यायला हात वर केला, तर ती डोळे मिटून भिंतीला चिकटली. धारेला बसलं की पाय झाडायची, पूर्वी कधीच झाडत नसे. दूध निम्म्यावर आलं आणि पुन्हा चढायला फार काळ गेला. डॉक्टरांनी कास तपासली, दगडी झालेली नव्हती. आजार काहीच नव्हता. कोणाच्या तरी हाताची तिने धास्ती घेतली होती.

म्हणून यावेळी मी आधी दोनदा गोठा बघून आले. जाताना नुसती जमीन आणि छप्पर बघत बसले नाही, तर गव्हाणीच्या बाजूने गुरांसमोरून चालत गेले. याची एक रीतसर चाचणी आहे. युरोपात 2004 ते 2009 या काळात जनावरांच्या कल्याणाची मोजपट्टी ठरवण्यासाठी एक मोठा प्रकल्प झाला. त्यात गाईच्या पुढ्यात दोन मीटरवर उभं राहायचं, हात पुढे करायचा, पंज्याची मागची बाजू तिच्याकडे ठेवायची आणि सेकंदाला एक पाऊल या गतीने तिच्याकडे जायचं. ती मान मागे घेईल तेव्हा हात आणि नाक यांच्यात किती अंतर उरलं ते मोजायचं. काहीच न करता तुमच्या हाताला नाक लावू दिलं तर शून्य. यंत्र नको, पैसे नकोत, डॉक्टरही नको, आणि अंगावर वळ नसला तरी हे अंतर खरं काय ते सांगतं. आबांच्या गोठ्यातल्या बहुतेक गुरांनी माझा हात हुंगला, दोघींनी चाटला. एक पांढऱ्या तोंडाची जर्सी मात्र हातभर मागे गेली. मी विचारायच्या आधीच आबा म्हणाले, "ती नवी इली हा. फुडच्या गावात्सून. लाथ मारता म्हणान विकल्यानी." आणि मग जे बोलले ते मी मनात पक्कं करून घेतलं: "लाथ मारता म्हणान नुसता सांगू नकात. तिका आदी कोणी मारल्यान, ता सांगा."

पोवळीला पोचवलं त्या दिवसाचं जरा सविस्तर सांगते, कारण माझं मत तिथेच ठरलं.

ती टेम्पोतून उतरेना. जागा नवी, समोर अनोळखी गुरं, कातळ ओलं. टेम्पोवाला सवयीने तिच्या शेपटीला हात घालायला गेला. शेपूट पिरगाळून जनावर पुढे रेटायचं, हे आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की त्यात क्रूरता आहे असं कोणाच्या मनातही येत नाही. शेपटीत मणके असतात, पिरगाळताना ते सांध्यातून निखळतात, तुटतातही. आबा लांबूनच म्हणाले, "शेपडेक हात लावू नको. रव जरा." टेम्पोच्या फळीइतक्या उंचीचा चिऱ्यांचा उतार त्यांनी बांधून घेतलाय, वर माती आणि पेंढा टाकलेला, म्हणजे खूर घसरत नाही. आबांनी दावं सैल सोडलं आणि ते तिच्या तोंडासमोरून बाजूला झाले. ओढलं नाही की हाकारलंही नाही. तिने मान खाली घातली, पेंढा हुंगला, उताराच्या कडेकडे बघत राहिली. आबा तिच्या खांद्याच्या थोडं मागे जाऊन उभे राहिले, एक पाऊल तिच्या बाजूला टाकलं, थांबले. पोवळी उतरली. सगळं मिळून चहा थंड होण्याइतका वेळ लागला असेल.

हे जादूने होत नाही. गाईला जवळजवळ सगळ्या बाजूंचं दिसतं, फक्त बरोबर पाठीमागचं दिसत नाही. समोरची खोली मात्र तिला मान खाली घातल्याशिवाय नीट कळत नाही, म्हणून सावली, पाण्याचं डबकं, पायरी आली की ती थबकते. आपल्याला तो हट्ट वाटतो. प्रत्येक जनावराभोवती एक अंतर असतं, त्याच्या आत माणूस शिरला की ते सरकतं. खांद्याच्या मागून आत शिरलं तर पुढे चालतं, पुढून शिरलं तर मागे हटतं. अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन यांनी हे कत्तलखान्यांपासून गोठ्यांपर्यंत आयुष्यभर माणसांना शिकवलं. आबांनी त्यांचं नाव ऐकलेलं नाही, पण लहानपणी सड्यावर गुरं राखताना तेच शिकले.

वयनीची धार मी त्याच संध्याकाळी पाहिली. ती गोठ्यात शिरते तीच हलक्या आवाजात काहीतरी बोलत. गाईला दिसेल अशा बाजूने येते, पहिला हात पाठीवर, तिथून कंबरेवर, मग मांडीवर, आणि मग कासेला. हात मध्ये उचलत नाही. पाडीला आधी पाजते, कोमट पाण्याने कास धुते, पुसते. बसण्याआधी गळ्याखालच्या पोळीला खालून वर खाजवते. पोवळीने मान लांब केली, कान सैल सोडले, रवंथ चालू झाला. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात गाईंना वेगवेगळ्या जागी कुरवाळून पाहिलंय. मानेच्या खालच्या बाजूला हात फिरवला की गाई मान ताणतात आणि कान सोडतात असंच तिथे आढळलं. वयनीला हे तिच्या आईने दाखवलेलं.

त्या संध्याकाळी पोवळीने दूध कमी दिलं. वयनीने सड पिळत बसणं टाळलं. "आज नाय दिल्यान तर उद्या दितली," म्हणाली आणि उठली. पान्हा घालायचा की नाही हे गाय ठरवून करत नाही. सडांना स्पर्श झाला, वासराचं तोंड लागलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत दूध उतरतं. भीती वाटली की ॲड्रेनालिन त्याच्या आड येतं आणि दूध कासेतच राहतं. अशा वेळी सुई टोचणारे गोठे मी पाहिलेत. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं इंजेक्शन देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या बाराव्या कलमाखाली गुन्हा आहे. आबांच्या गोठ्यात ती सुई येत नाही. मी फळीवरचे सगळे डबे उघडून बघितले, त्यांनी बघू दिले.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते, त्यामुळे या विषयावर मिळेल ते वाचत असते. 1999 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला विसरता येत नाही. गाईंना दोन माणसं दिली: एक मायेने वागणारं, एक मारझोड करणारं. दोघं कोण ते गाईंनी ओळखल्यावर धारेच्या वेळी मारझोड करणारं माणूस नुसतं शेजारी उभं केलं. त्याने हातही लावला नाही. तरी कासेत मागे उरलेलं दूध 70 टक्क्यांनी वाढलं. नुसत्या असण्याने! कॅनडातल्या आणखी एका प्रयोगात गाईंना दोन वाटांपैकी एक निवडायला दिली, तेव्हा माणसाचं ओरडणं त्यांना विजेच्या काठीइतकंच नकोसं असल्याचं दिसलं. "मी मारत नाही, फक्त ओरडतो" म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवं. गाईचे कान आपल्यापेक्षा तिखट, आपल्याला ऐकू येत नाहीत असे बारीक आवाजही तिला येतात.

ऑस्ट्रेलियात पॉल हेम्सवर्थ आणि ग्रॅहॅम कोलमन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं, आधी डुकरांवर, मग गाईंवर. त्यांचं म्हणणं असं की सुरुवात माणसाच्या डोक्यातून होते. "गुरं अडेलतट्टू असतात, फटक्याशिवाय ऐकत नाहीत" असं ज्याला वाटतं, तो फटका देतो. फटका बसलेलं जनावर बुजतं, अडतं, लाथ मारतं. मग त्याला वाटतं, बघा, मी म्हणत होतो! हे चक्र माणसाच्या बाजूनेच तोडता येतं, आणि शिकवून तोडता येतं, हे त्यांनी गोठ्यांमध्ये करून दाखवलं. माणसांचं मत बदललं, वागणं बदललं, गुरांची भीती कमी झाली.

आबांच्या गोठ्यात हेच चालतं. त्यांच्याकडे झारखंडहून आलेला एक पोरगा कामाला आहे, विशीतला. सुरुवातीला त्याच्या हातात दावं दिलं नाही. काठी तर गोठ्यात नाहीच. झाडायचं, पेंढा टाकायचा, पाणी दाखवायचं, आणि दुपारी गुरं बसलेली असताना त्यांच्यात नुसतं बसायचं. प्रत्येक गाय त्याच्या हातून खायला लागल्यावर मगच त्याला एकेकीला बाहेर न्यायला दिलं. तो आता पोवळीला नावाने हाक मारतो, उच्चार थोडा वेगळा, पण ती वळून बघते. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाने 2009 मध्ये गोठेवाल्यांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यात गाईंना नावाने हाक मारणाऱ्यांकडे दूध वर्षाला सरासरी 258 लिटर जास्त निघालं होतं. नावामुळे दूध वाढतं असं मी म्हणणार नाही. जो नाव ठेवतो तो एकेका जनावराकडे बघतो, त्याचा हा हिशेब असावा.

त्या पोराला पगार वेळेवर मिळतो, झोपायला वेगळी खोली आहे, आठवड्यातून एक सुट्टी आहे. पहाटे मी गेले तेव्हा आबा वयनीला सांगत होते, "हेका आदी चाय दी, मगे कामाक लाव." मला हे त्यांच्या सगळ्या व्यवस्थेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. किती गोठ्यांत गडी माळ्यावर झोपतो, तीनला उठतो, शिव्या खातो, पगार अडतो! त्या माणसाचा राग शेवटी कोणाच्या अंगावर निघणार? जनावराशी नीट वागा असं त्याला सांगायचं असेल, तर आधी त्याच्याशी नीट वागावं लागतं.

आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गुरांना ओवाळतात, शिंगं रंगवतात, शेणाचा गोठा करून पूजा करतात. मीही करते. पण ओवाळणारा हात आणि चाबूक उचलणारा हात एकाच माणसाचे असलेले मी लहानपणापासून पाहत आले आहे. भक्ती असली म्हणजे वागणूक आपोआप चांगली होत नाही. आबा देवभोळे आहेत की नाहीत मला माहीत नाही, गोठ्यात साधी तसबीरही नाही.

आता उणिवा. त्या आहेत.

पडवीच्या मागचा मूत्राचा चर बुजलेला आहे. पाऊस लागला की पाणी कोपऱ्यात साठतं, तिथे खूर घसरतात आणि डास होतात. डासांसाठी संध्याकाळी कडुनिंबाची धुरी करतात, ती इतकी दाट असते की गुरांच्या डोळ्यांतून पाणी येतं. धुरी लांब ठेवा असं मी सांगितलं, दुसऱ्या दिवशी ठेवली होती. आजारी जनावर वेगळं बांधायला जागा नाही. ही मोठी उणीव आहे, लस झालेली असली तरी. मोबाईलला रेंज नाही. वयनी रात्री आवाजाचा निरोप पाठवते, तो कधी सकाळी पोचतो. रस्त्याचा शेवटचा भाग पावसात टेम्पोवाले नाकारतात. रात्रीअपरात्री काही झालं तर 1962 या पशुसंवर्धनाच्या टोल फ्री नंबरवर फोन करायलाही आधी खाली वाडीत यावं लागतं.

आणखी एक. सगळा गोठा वयनीच्या हातावर चालतो. ती लग्नाला माहेरी गेली त्या दोन दिवसांत दूध घटल्याचं तिच्याच वहीत दिसतं; आबा धारेला बसले होते, पण गाईंना हात वेगळा लागला. वहीत रोजची नोंद असते, सकाळ-संध्याकाळ, गाईच्या नावापुढे. ती वही मला परत येताना दाखवली, म्हणूनच सांगू शकते की आठवडा व्हायच्या आत पोवळी घरच्याइतकं दूध द्यायला लागली होती. पण ठराव, पैसे, बोलणं सगळं आबांच्या नावावर. वयनीचा वाटा वेगळा धरून दर थोडा वाढवला तरी माझ्यासारखे लोक देतील. मी दोघांसमोर हे बोलले. आबा हसले नाहीत, "इचार करतंय" म्हणाले.

पोवळी घरी आली त्याच संध्याकाळी मी केरसुणी घेतली, हात वर केला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान वळवून बघितलं आणि पेंढा चघळत राहिली. पाडी अंगाने भरलीय, आणि कोणीही दिसलं की गळा पुढे करते, खाजवा म्हणून.

ज्यांना ठेवायचं असेल त्यांनी गणपतीच्या आधी महिनाभर तरी विचारावं. चाकरमानी येतात तेव्हा इकडची माणसं घरातच असतात, पण गणपती झाले की मुंबईला जाणाऱ्यांची रांग लागते. जाताना धारेच्या वेळी जा, न कळवता गेलात तरी चालतं. गाईच्या सवयीचं दावं बरोबर द्या, तिचं नाव सांगा, कोणत्या बाजूने धार काढता ते सांगा, आणि तिला पूर्वी कोणी मारलं असेल तर तेही लपवू नका. आबा पहिल्यांदा तेच विचारतात. बैल आणि रेडे घेत नाहीत. शेळ्या घेतात, पण वेगळ्या आवारात, आणि करडं असतील तर आधी सांगावं लागतं. चर पितृपक्षाच्या आधी उकरून घेतो असं त्यांनी कबूल केलंय. दिवाळीनंतर मी पुन्हा जाणार आहे, तेव्हा उकरला की नाही ते इथे लिहीन.